बायकांनी मोजलेलं गाव

शारजात मी बरीच वर्षं ड्राफ्ट्समनची नोकरी केली. हुद्दा ड्राफ्ट्समनच, बाई आहे म्हणून कुणी तो बदलला नाही. ड्रेनेजच्या लाइनी, मॅनहोलची झाकणं, लेबर कॅम्पच्या टॉयलेट ब्लॉकचे लेआउट हे सगळं इमानेइतबारे काढलं. पण आता नाशिकला परत आल्यावर कुणी नोकरीबद्दल विचारलं की त्यातलं काही तोंडात येत नाही. येतात ते फक्त तीन हिवाळे. त्या तीन हिवाळ्यांत मी खापरं काढली. जमिनीतून नव्हे, कागदावर. आणि दुसऱ्या हिवाळ्यात जे घडलं ते सांगताना माझा आवाज अजून चढतो, असं घरचे म्हणतात.

झालं असं की, आमच्या कंपनीचे मालक कर्णिकसाहेब एक दिवस माझ्या ड्रॉइंग बोर्डाशी येऊन म्हणाले, “सुधा, एक ग्रीक बाई आली आहे. वाळवंटात जुनं गाव शोधते आहे. तिला नकाशा काढणारं कुणीतरी हवंय. हिवाळ्यापुरती जाशील?”

“मी? साइटवर?”

“बाकीची पोरं नको म्हणतात. धूळ फार आहे म्हणे.”

मी त्याच दिवशी हो म्हटलं. घरी नवऱ्याला सांगितलं. अनिल तेव्हा हमरिया फ्री झोनमध्ये रंगाच्या कारखान्यात होता. तो एवढंच म्हणाला, “टोपी घे.” माझी मुलगी ऋचा म्हणाली, “मम्मा, आर यू गोइंग टू फाइंड गोल्ड?” मी म्हटलं, नाही गं, फुटकी मडकी. ती पुन्हा टीव्हीकडे वळली.

ते जुनं गाव शारजापासून आत, धैद नावाच्या छोट्या शहराच्या पुढे, डोंगराच्या अलीकडच्या सपाटीवर होतं. गाव म्हणजे काय, तर रेतीचं एक रुंद, बुटकं टेकाड. पहिल्या दिवशी मला त्यात टेकाडाशिवाय काही दिसलं नाही. एलेनी, म्हणजे ती ग्रीक प्राध्यापिका, पन्नाशीची, उन्हाने रापलेली, पुरुषांचे बूट घालणारी. तिने तिच्या देशात अशाच एका गावाची वर्षानुवर्षं पाहणी केली होती. तिथे खाली देवळांच्या काळातलं शहर, वर मध्ययुगातल्या गल्ल्या, आणि त्याच्याही वर आजचे लोक टोमॅटो लावतात, असं ती सांगायची. ती मला म्हणाली, “खाली बघ. वर बघू नकोस. डोंगर सुंदर आहे, पण तो आपल्या कामाचा नाही.”

मी खाली बघितलं. पायाखाली सगळीकडे खापरं होती. लाल, करडी, काळपट. मी त्यांच्यावरून चालत आले होते.

हे काम कसं चालतं ते सांगते, कारण लोकांना वाटतं पुरातत्त्व म्हणजे खणणं. आम्हाला खणायची परवानगीच नव्हती. आमचं काम फक्त वरवरची पाहणी. दोऱ्या आणि खुंट्या लावून सगळ्या जागेचे चौकोन पाडायचे. मग माणसांनी एका ओळीत, हात पसरून एकमेकांना लागणार नाहीत इतक्या अंतराने उभं राहायचं आणि हळूहळू पुढे चालायचं. जे दिसेल ते उचलायचं आणि चौकोनाचा नंबर घातलेल्या पिशवीत टाकायचं. मग धुवायचं. बहुतेक तुकडे मुके असतात, त्यांच्यावरून काही कळत नाही. बोलतात ते तीनच: काठ, बूड आणि कान. काठाचा तुकडा गोल रेघा आखलेल्या कागदावर ठेवला की कुठल्या रेघेशी जुळतो त्यावरून अख्ख्या भांड्याचं तोंड केवढं होतं ते कळतं. मग मी ते भांडं काढायचे. डावीकडे कापलेलं, उजवीकडे बाहेरून दिसणारं. हाताच्या तळव्याएवढ्या तुकड्यातून रांजण उभा राहायचा. मॅनहोलची झाकणं काढणाऱ्या बाईला हे किती चढलं असेल, कल्पना करा.

आणि नकाशा? तिथेच खरी गंमत. जुन्या, दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या खापरांना मी लाल ठिपका द्यायचे. मध्ययुगातल्या, हिरव्या-निळ्या चकाकीच्या खापरांना निळा. पारदर्शक कागदावर चौकोनामागून चौकोन भरत गेलं की रेतीच्या टेकाडातून गाव वर यायचं. कुठे दाट वस्ती, कुठे मोकळं अंगण, कुठे रस्ता.

पंचक्रोशीत बातमी पसरली की मॅडम लोक फुटकी भांडी गोळा करतात. धैदमधल्या चहाच्या टपरीचा मल्याळी मालक एकदा पोतं घेऊन आला. पोत्यात वर्षभरात फुटलेले कप. एलेनीने एक कप उचलून उलटा करून गंभीरपणे पाहिला आणि म्हणाली, “छान जपून ठेवा. दोन हजार वर्षांनी घेऊ.” तो बिचारा इन्शाल्ला म्हणून पोतं परत घेऊन गेला.

पहिला हिवाळा असा हसण्याखेळण्यात गेला. दुसऱ्या हिवाळ्यात रस्ता आला.

टेकाडाच्या पूर्वेला एक रेतीचा पट्टा होता, आणि पट्ट्यापलीकडे काटेरी कुंपण घातलेली एक खजुराची बाग. नवा रस्ता बरोबर त्या पट्ट्यातून जाणार होता. पट्टा रिकामा होता, आमच्याच नकाशात रिकामा होता. मीच तो कोरा ठेवला होता, कारण तिथे खापरं दिसतच नव्हती. आणि त्या रस्त्याचं काम मिळणार होतं आमच्याच कंपनीला.

एलेनीला तो कोरा पट्टा पटत नव्हता. “गावं अशी सुरीने कापल्यासारखी संपत नाहीत. तिथे रेती उडून येऊन साचली आहे. गाव खाली आहे, आणि ते बागेतही असणार.”

“मग बागेत जाऊन बघू,” मी म्हटलं.

बागेचा मालक होता अबू सालेम, सत्तरीचा, काटक. आमच्या टीममधले पुरुष आधी गेले होते, त्यांना त्याने फाटकातूनच परत पाठवलं होतं. घरात बायका आहेत, परके पुरुष आत येणार नाहीत, खलास. त्यामुळे एलेनी आणि मी गेलो. मी मोडक्या अरबीत सलाम केला. त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि चक्क हिंदीत विचारलं, “बम्बई से आयी है क्या?”

“नासिक से. बम्बई के पास.”

“हम लाँच में खजूर लेके बम्बई जाता था. भेंडी बाजार में रहता था. तुम्हारा बाप भी पैदा नहीं हुआ होगा.”

माझा बाप तेव्हा चांगला शाळेत असणार, पण मी वाद घातला नाही. त्याने गावा मागवला. गावा म्हणजे वेलची घातलेली पातळ कॉफी. मग त्याने मुद्द्यालाच हात घातला. “तुम लोग लिखेगा कि यहाँ पुराना गाँव है. फिर सरकार बोलेगा, अबू सालेम, बाग छोड़ो. बोलेगा कि नहीं?”

मी एलेनीला इंग्रजीत सांगितलं. तिने हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाली, “त्याला सांग, मला माहीत नाही. मी वचन देऊ शकत नाही. पण पाहणी झाली नाही तर त्याच्या कुंपणाला लागून रस्ता होणार, हे नक्की.”

मला क्षणभर वाटलं, थोडं गोड करून सांगावं. कुणाला कळणार होतं? पण त्या म्हाताऱ्याने मला गावा पाजला होता. मी जसंच्या तसं सांगितलं. तो मान हलवून म्हणाला, “तो फिर नहीं.”

तेवढ्यात मागच्या खोलीच्या पडद्याआडून आवाज आला. भराभर अरबी, चांगलंच ठणकावून. अबू सालेम वळून काहीतरी म्हणाला, आतून आणखी मोठा आवाज आला. शेवटी पडदा सरला आणि त्याची बायको बाहेर आली. उम्म सालेम. चेहऱ्यावर इकडच्या जुन्या बायका घालतात तो सोनेरी झाकेचा, मुखवट्यासारखा बुरखा, त्यातून फक्त डोळे आणि हनुवटी दिसणारी.

“क्या बोल रही हैं?” मी विचारलं.

अबू सालेम वैतागून म्हणाला, “बोलती है, शादी होके आयी तब से पाँव में ये ठीकरी चुभती है. कौन लोग फेंक के गया, उसको जानना है. बोलती है, औरत लोग आएगा तो मैं देखूँगी, तू चुप बैठ.”

तो चूप बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी ओळीत उभ्या राहिलो. एलेनी, मी आणि मधे उम्म सालेम, काळ्या पायघोळ अबायाचा घोळ कमरेला खोचलेला. टीममधले पुरुष कुंपणाबाहेर गाडीच्या सावलीत बसून हाका मारत होते, “काय सापडलं?” आणि आम्ही काही सांगत नव्हतो. खरं तर सांगायला सवडच नव्हती. बागेतली जमीन नांगरलेली, पाण्याने भिजलेली, खालचं वर आलेलं. खापरंच खापरं! पिशव्या भरून वाहायला लागल्या. एका चौकोनात जुनी लाल, पुढच्यात हिरव्या झिलईची मध्ययुगीन, मधेच निळ्या नक्षीचा एक इवलासा चिनी तुकडा. जुनं गाव ओसाड झाल्यावर कैक शतकांनी लोक पुन्हा त्याच जागी राहायला आले होते. का? उम्म सालेमने विहिरीकडे बोट दाखवलं. पाणी तिथेच होतं, दुसरं काय.

बकऱ्यांच्या गोठ्यापाशी उम्म सालेम थांबली. तिने पायाच्या अंगठ्याने माती उकरली, वाकली आणि एक जाडजूड तुकडा उचलला. “वर्दा,” ती म्हणाली. फूल.

तो मोठ्या कुंभाचा कान होता. फिकट पिवळसर माती, त्या भागातली नव्हेच. कानाच्या वाकावर अंगठ्याएवढा गोल शिक्का, शिक्क्यात फूल आणि फुलाभोवती अक्षरं.

एलेनीने तो हातात घेतला, बाटलीतलं थोडं पाणी ओतलं आणि तिथेच, बकऱ्यांच्या लेंड्यांत, मांडी घालून बसली. बोट फिरवत एकेक अक्षर वाचायला लागली. तिच्या शाळेतली अक्षरं होती ती! कुणा अधिकाऱ्याचं नाव होतं. तिच्या देशातल्या एका बेटावर मडक्यांवर असे फुलाचे शिक्के मारायचे. तिथून मडकं जहाजात चढलं, किती समुद्र, किती बंदरं, किती उंट पालथे घालत इथे आलं. एलेनी हसत होती आणि रडत होती. उम्म सालेम तिच्या शेजारी बसली आणि तिच्या पाठीवर थोपटायला लागली. कुणाला कुणाची भाषा येत नव्हती.

दुपारी अबू सालेमने विचारलं, “उसमें क्या आता था?”

मी अडखळले. देवभक्त माणूस, पाच वेळा नमाज पढणारा. “शराब,” मी हळूच म्हटलं.

तो मोठ्याने हसला. “तब इस्लाम कहाँ आया था! उनका हिसाब उनके साथ.”

पण आनंद ओसरल्यावर अडचण तशीच होती. टेकाडावर गाव, बागेत गाव आणि मधे कोरा पट्टा. रस्त्यावाले सरळ म्हणू शकत होते, ही दोन वेगळी गावं, मधून रस्ता जाऊ दे. रस्ता कुठून न्यायचा ते ठरवणारी सरकारी मीटिंग तोंडावर आली होती. कर्णिकसाहेब फोनवर विचारत होते, “सुधा, झालं का तुझं? यल्ला, आटप लवकर, मशीनं कामाला लावायची आहेत.”

मी बागेचे कागद टेकाडाच्या कागदांना चिकटवत होते. टेकाडाच्या दक्षिणेला कच्च्या विटांच्या एका रुंद भिंतीची कड रेतीतून दिसायची, ती मी पहिल्याच वर्षी काढली होती. बागेत मात्र भिंत कुठे दिसत नव्हती. मग मला अबू सालेमचं एक रडगाणं आठवलं. बागेतली एक खजुरांची रांग कधी वाढलीच नाही. तीनदा रोपं बदलली, खत घातलं, पाणी घातलं, झाडं खुरटी ती खुरटीच. मी ती झाडं नकाशावर मोजून घेतली होती, फक्त सवय म्हणून. आता मी पट्टी उचलली आणि भिंतीच्या कडेला लावली. पट्टी कोऱ्या पट्ट्यावरून सरळ पलीकडे गेली आणि त्या खुरट्या झाडांच्या रांगेवर जाऊन बसली. एकेका झाडावर.

मी पट्टी काढून पुन्हा लावली. तेच. झाडांची मुळं भिंतीच्या माथ्यावर आपटत होती!

“एलेनी!” मी एवढ्या जोरात ओरडले की धुण्याच्या टबाजवळची माणसं धावत आली.

खणायची बंदी होती, पण झाडायला बंदी नव्हती. आम्ही धैदहून खराटे आणले. माझी रेघ जमिनीवर दोरीने आखली आणि सगळे जण, पुरुषसुद्धा, त्या रेतीच्या पट्ट्यावर झाडू मारायला लागलो. कुंपणाच्या फटीतून उम्म सालेम खजुराच्या झावळीचा स्वतःचा झाडू घेऊन आली आणि तिने आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं की यांना साधं झाडताही येत नाही. रेती उडत होती, डोळ्यांत जात होती, कुणी थांबत नव्हतं. आधी काहीच नाही. मग रेतीचा रंग बदलला. मग एक सरळ कड. मग कडेला कड. विटा! एकेक वीट पाटाएवढी, ओळीने, दोरीखाली, जशी मी कागदावर काढली होती तशी.

मी खराटा टेकवून उभी राहिले. कॉलेजपासून मी रेघा मारत आले, पण माझी रेघ जमिनीतून वर आलेली मी आयुष्यात एकदाच पाहिली.

मीटिंगच्या आधी कर्णिकसाहेब स्वतः साइटवर आले. रागावलेलेच होते. “तुला मी पाठवलं नकाशा काढायला, तू माझाच रस्ता अडवलास.” मी त्यांना सरळ विटांपाशी नेलं. ते वाकले, बसले, बोटांनी विटेची जाडी मोजली. अर्धा तास ते त्या भिंतीच्या कडेने चालत होते. परत आले तेव्हा कपड्यांची इस्त्री पार गेली होती. “चुना नाही, सिमेंट नाही,” ते म्हणाले, “आणि लेव्हल बघ कशी धरली आहे लेकांनी.”

मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं की वळण घेतलं तर रस्ता लांबेल. कर्णिकसाहेब म्हणाले, “लांबू दे. सरळ रस्त्यावर ट्रकवाले झोपतात.” रस्त्याला वळण मिळालं. पट्ट्याला कुंपण पडलं. आणि अबू सालेमची बाग त्याच्याकडेच राहिली.

राहिली, पण पूर्ण नाही. बागेखाली गाव आहे हे सिद्ध झाल्यामुळे तिथे नवी विहीर पाडायला, बोअर मारायला मनाई आली. जुनी विहीर हळूहळू खारी होत गेली. त्या भागातल्या कितीतरी बागांचं तेच झालं. पण बाकीच्यांनी खोल बोअर मारून काही वर्षं काढली, अबू सालेमला ते करता आलं नाही. आम्ही त्याला वचन दिलं नव्हतं, हे खरं. त्याने माझा दोष धुवून निघत नाही, हेही खरं. नंतर मी गेले की तो गावा पाजायचा, पण बम्बईच्या गोष्टी सांगायचा थांबला होता.

आम्ही भारतात परत यायचं ठरवलं त्या वर्षी मी शेवटची भेटायला गेले. बाग वाळलेली होती, फाटकाला कुलूप. ते दोघे धैदमध्ये मुलाच्या नव्या घरात राहायला गेले होते. एसी लावलेल्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, अबू सालेम एकटाच बसला होता.

“एक बात बताओ,” तो म्हणाला. “वो पुराना लोग गाँव छोड़ के क्यों गया? लड़ाई हुआ?”

“लड़ाई का कोई निशान नहीं मिला,” मी म्हटलं. “शायद पानी चला गया.”

तो खिडकीबाहेर बघत राहिला. “हमको भी किसी ने निकाला नहीं. पानी गया, तो हम गया. ये भी लिख देना.”

“कहाँ?”

“जहाँ उनका लिखा है.”

पाहणीचा शेवटचा, छापायला जाणारा नकाशा तेव्हा माझ्याच बोर्डावर होता. त्यात सगळ्या भागांना नुसती अक्षरं होती. बागेच्या जागचं अक्षर मी पुसलं आणि तिथे लिहिलं, ‘अबू सालेमची बाग’. कुणाला विचारलं नाही. नकाशा एलेनीकडे ग्रीसला गेला आणि आठवड्याभरात तिचा फोन आला. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

“सुधा, हे काय लिहिलं आहेस?”

मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “ते बरोबर आहे. पण फुलाचा कान कुणाला सापडला? आम्हाला आत कुणी घेतलं? त्याचं एकट्याचंच नाव कसं?”

दोन हिवाळे मी त्या बाईबरोबर काढले होते आणि मला तिचं नाव माहीत नव्हतं. उम्म सालेम म्हणजे सालेमची आई, एवढंच. मी धैदला फोन लावला. सुनेने तिला बोलावलं. नाव विचारल्यावर ती आधी लाजली, मग हसली, मग म्हणाली, “मोजा.”

मला इतकं हसू आलं की फोन हातातून पडायची वेळ आली. सुनेला हिंदी येत होती. तिला मी म्हटलं, अम्मांना सांगा, आमच्या भाषेत याचा अर्थ होतो, नापो, गिनो. सुनेने सांगितलं. पलीकडे खूप वेळ हसण्याचा आवाज येत राहिला.

नकाशा छापून आला तो माझ्याकडे नाशिकला आहे. गावाच्या पूर्व टोकाला, भिंतीच्या रेघेला लागून, अरबीत आणि इंग्रजीत लिहिलेलं आहे: मोजा आणि अबू सालेम यांची बाग.